पडदीतले लाकूड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझे नाव घातले आहे असे कळले तेव्हा मी अध्यक्षीणबाईंना म्हटले, "अहो, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी कसले भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "भाषण नकोच. ते भिंतीचे सांगा." तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या भिंतींना मी कान लावून आलेली आहे, त्यामुळे निम्मे भाषण तुमचे ऐकून झालेलेच आहे. उरलेले आज सांगते.

आपली चाळ रस्त्यावरून पाहिली की दगडाविटांची वाटते. बाहेरच्या भिंती विटांच्या आहेतही. पण दोन खोल्यांच्या मधली आणि बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघर वेगळे करणारी भिंत पडदीची आहे. ही पडदी आतून कशी असते ते मला लग्न होऊन या घरात आल्यावर कोणी सांगितले नव्हते. ते मी पाहिले ते एका भोकातून.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेतले. ते बसवायला दुकानातून माणूस आला. स्वयंपाकघराच्या पडदीवर त्याने जागा धरली. मी म्हटले, "दादा, ही भिंत पोकळ वाजते. धरेल ना?" तो म्हणाला, "ताई, मी दिवसाला दहा बसवतो." ड्रिलने भोके पाडली, त्यांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, यंत्र टांगले, सही घेतली आणि गेला. पाणी भरल्यावर ते यंत्र पंधरा किलोच्या वर जाते. एकोणिसाव्या दिवशी दुपारी ते गिलाव्याच्या मोठ्या खपलीसकट खाली आले. माझी धाकटी त्याच्याच खाली पाट मांडून गृहपाठ करीत असे. दहा मिनिटांपूर्वी ती उठून गॅलरीत गेली होती. दुकानदाराने सांगितले की भिंत खराब, आमची जबाबदारी नाही. पैसे गेले ते गेले. त्या पाटावर पडलेला चुना मात्र मला अजून दिसतो.

तर ते भोक. आत हात घातला तेव्हा कळले. जमिनीपासून छतापर्यंत सागाची उभी लाकडे, तीन बोटे रुंद. त्यांच्यावर आडव्या बारीक रिपा खिळ्यांनी ठोकलेल्या, दोन रिपांमध्ये जेमतेम पेन्सिल जाईल एवढी फट. रिपांवर चुन्याचा गिलावा. गवंडी गिलावा दाबतो तेव्हा तो त्या फटींतून मागे जातो आणि तिथे फुगून अडकून बसतो. सोऱ्यातून शेव पडते तसा, फक्त ती शेव तुटू द्यायची नाही. त्या मागच्या अडकलेल्या चुन्याच्या जोरावरच सगळा गिलावा उभा असतो. म्हणून पडदीवर जोराने हातोडी मारू नये. आतले ते आकडे तुटतात, वरून काहीच दिसत नाही, आणि पुढे कधीतरी हातभर खपली एकदम सुटते. उभ्या लाकडांच्या मधली जागा मात्र पोकळ. झुरळे तिथूनच येतात, हे आपण सगळ्या जाणतो.

आणि भोकाच्या डाव्या कडेपासून चार बोटांवर मला उभे लाकूड लागले. चार बोटे! त्या माणसाने चार बोटे डावीकडे सरकून तोच स्क्रू मारला असता तर ते यंत्र आजही तिथे असते. भिंत खराब नव्हती. तिचे लाकूड कुठे आहे हे कोणी पाहिले नव्हते.

मला तेव्हा माझी आजी आठवली. आमचे माहेर संगमेश्वरकडचे. जुन्या घराच्या मागच्या पडवीला कुडाची भिंत होती. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या आणि त्यांवर शेण-मातीचा गिलावा करायचा. त्या कुडाला आजी साधे सूपसुद्धा अडकवू देत नसे. दुधाचे शिंके वाशाला, सुपे-टोपल्या मेढीला. मेढ म्हणजे जमिनीत रोवलेला खांब. कुड झाकण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नसतो, हे त्या न शिकलेल्या बाईला पक्के ठाऊक होते. आपली पडदी म्हणजे शहरात येऊन चुना फासलेला कुडच. मेढी तिच्या पोटात आहेत आणि दिसत नाहीत, एवढाच फरक.

ती खपली भरायला एक म्हातारे सुतारकाका गवंड्याबरोबर आले होते. त्यांच्याकडून मी निम्मे शिकले, निम्मे करून करून.

पहिली रीत ठोकून पाहण्याची. बोटाच्या मागच्या पेराने हलके ठोकत आडवे सरकत जायचे. पोकळ जागी रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो, लाकडावर भरलेल्या डब्यासारखा. डबा भरला आहे की रिकामा हे आपण झाकण न उघडता ओळखतो, त्यामुळे हे काम बायकांना पुरुषांपेक्षा लवकर जमते असे माझे मत आहे. पण नुसत्या आवाजावर विसंबू नका. चुन्याचा गिलावा कुठे जाड असतो, कुठे पातळ; जाड गिलावाही भरलेल्या डब्यासारखा वाजतो. शिवाय शेजारणीच्या घरी मिक्सर चालू असेल तर काहीच कळत नाही. हे काम दुपारी दोन ते चारच्या शांततेत करावे.

दुसरी रीत लोहचुंबकाची, आणि माझा जास्त विश्वास हिच्यावर. लाकूड काही लोहचुंबकाला चिकटत नाही. पण प्रत्येक रीप प्रत्येक उभ्या लाकडाला खिळ्याने ठोकलेली आहे. म्हणजे जिथे लाकूड तिथे वरपासून खालपर्यंत खिळ्यांची रांग. पर्सच्या बटणातला लोहचुंबक पुरत नाही, अर्धा-पाऊण इंच चुन्याच्या आडून त्याला ओढ लागत नाही. बिघडलेल्या स्पीकरमधला मोठा लोहचुंबक घ्यावा, मऊ कापडात गुंडाळावा म्हणजे रंगावर चरे पडत नाहीत, आणि भिंतीवरून इस्त्रीसारखा सावकाश फिरवावा. खिळ्यावर आला की हाताला ओढ लागते. तिथे पेन्सिलीने खूण करायची. मग त्याच्या वर, त्याच्या खाली पाहायचे. एका खुणेला किंमत नाही. कोणीतरी कॅलेंडरसाठी मारलेला आणि रंगाखाली गेलेला खिळाही तो असू शकेल. चार-पाच खुणा एकाखाली एक आल्या तर ते लाकूड. त्या सरळ रेषेत आहेत का ते पाहायला गवंड्यासारखा ओळंबा लागतो. आपण दोऱ्याला कुलूप बांधावे, झाला ओळंबा.

एक सावधगिरी. काही खोल्यांत मध्यंतरी गिलावा पडल्यावर लोखंडी जाळी मारून वर सिमेंट केलेले आहे. तिथे लोहचुंबक सगळीकडेच ओढतो. सगळीकडे ओढ लागली तर समजावे की ही जाळी आहे, आणि ती रीत सोडून द्यावी.

माझ्या मुलाने मोबाईलमध्ये होकायंत्राचे काहीतरी उतरवून दाखवले. खिळ्याजवळ नेले की त्यातला आकडा वाढतो. चालते, पण लोखंडी कपाट जवळ असले की ते भांबावते. बाजारात लाकूड शोधण्याचे विजेवर चालणारे छोटे यंत्रही मिळते. पुठ्ठ्यासारख्या सपाट, एकसारख्या भिंतीवर त्याचा उपयोग होतो. आपल्या रिपांच्या भिंतीत मात्र आत जागोजागी लाकूड, फट, चुना असल्यामुळे ते हवे तिथे आणि नको तिथेही दिवा लावते. आमच्या एका मैत्रिणीने मागवले होते. आता तिचा नातू त्याच्याशी खेळतो.

डोळ्यांनीही पुष्कळ कळते. रात्री खोलीतला दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून तिरपा धरावा. दिवसा सपाट वाटणारी भिंत किती खालीवर आहे ते दिसते. खिळ्यांची टोके, जुन्या चिरा, लाकडावरून गेलेल्या उभ्या रेषा सावलीत उठून येतात. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. आतले खिळे गंजतात आणि पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके उमटतात. आपण ते डाग म्हणून खरडून रंग देतो. ते एका उभ्या ओळीत असतील तर खरडण्यापूर्वी खूण करून ठेवा. भिंत आपण होऊन सांगते आहे.

आणि दार. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी लाकूड असणारच, तिथून मोजायला सुरुवात करावी. किती अंतरावर पुढचे लाकूड, ते मात्र मला विचारू नका. आमच्या पडदीत एका ठिकाणी पंधरा इंच, पुढे सतरा, आणि खिडकीशी एकवीस. मिळाले तसे लाकूड लावले असणार. एक अंतर सापडले म्हणून पट्टी धरून पुढची भोके पाडीत सुटू नये.

शेवटची खात्री दाभणाने. गोधडी शिवायचा जाड दाभण घेऊन, फळीआड झाकली जाईल अशा जागी, हातोडीने अगदी हळू टोचावा. आधी चुना लागतो, पांढरी पूड पडते. मग रीप लागते. रीप पातळ असते. पोकळ जागी दाभण रिपेतून सटकन पलीकडे जातो आणि सैल होतो. मागे उभे लाकूड असेल तर तो सटकत नाही, घट्टच राहतो, ओढूनही सहज निघत नाही. रीप लागली म्हणजे लाकूड लागले, असे समजण्यातच बहुतेकांची फसगत होते. रिपेला फळीचा भार सोसत नाही. लाकूड लागल्यावर त्याची डावी आणि उजवी कडही अशीच पाहावी आणि स्क्रू बरोबर मध्ये घ्यावा. कडेला घेतला तर लाकूड फाटते.

आता भार किती, तेही एकदा मनात मांडून पाहा. तांदूळ १० किलो, कणीक ५ किलो, साखर २, सगळ्या डाळी मिळून ४, तेलाचा पाच लिटरचा डबा साडेचार किलो. साडेपंचवीस झाले. डब्यांचे आणि फळीचे वजन धरले की तीस-बत्तीस. थोरल्या मुलाएवढे वजन आपण भिंतीला टांगतो आणि खाली अंथरूण घालून झोपतो. दहा बाय बाराच्या खोलीत अंथरूण दुसरीकडे घालणार तरी कुठे? म्हणून मी या गोष्टीचा इतका पिच्छा पुरवते. फळी जितकी रुंद तितकी वरच्या स्क्रूला ओढ जास्त. भरलेली बादली अंगालगत धरली तर नेता येते, हात लांब करून धरली तर खांदा उतरतो, तसेच ते. जड डबे भिंतीलगत, हलके कडेला ठेवावेत.

खिळ्याऐवजी स्क्रू वापरावा. गिलावा आणि रीप यांतच इंचभर जाते, म्हणून अडीच इंचापेक्षा लहान स्क्रू घेऊ नये. आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूला कपडे धुण्याचा साबण चोळावा. जुन्या सागात तो सहज फिरतो. ब्रॅकेटची भोके दोन्ही लाकडांवर येत नसतील तर, आणि ती सहसा येतच नाहीत, आधी एक जाड लाकडी पट्टी दोन उभ्या लाकडांवर आडवी बसवावी. मग त्या पट्टीवर हवे तिथे काय ते लावावे.

या पट्टीचे खरे काम आजींकडे झाले. त्यांनी परवानगी दिली म्हणून सांगते, आणि त्या पुढच्या रांगेत बसल्याही आहेत. आजींचे वय ८३. त्यांच्या मोरीचा उंबरा वीतभर उंच. मागच्या पावसाळ्यात पाय घसरला तेव्हापासून त्यांच्या मनाने भीती घेतली. रात्री मोरीकडे जावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत. हे त्यांनी मुलाला सांगितले नव्हते. मला सांगितले, तेही एका चतुर्थीला दूध घ्या म्हणून मी फार आग्रह केला तेव्हा.

हाताला धरायला दांडी हवी, एवढेच होते. पण डब्यांच्या फळीत आणि धरायच्या दांडीत फरक आहे. फळीवर भार हळूहळू चढतो. दांडीवर माणूस तोल जाताना सगळ्या अंगाचा भार एकदम टाकते. ती दांडी सुटली तर नसती तेच बरे, कारण तिच्या भरवशावर पाऊल टाकलेले असते. म्हणून तिथे मी घाई केली नाही. आम्ही तिघीजणी दोन दुपारी त्या पडदीवर होतो. उंबऱ्याशी आवाज सगळाच भरीव येत होता, कारण ओलीमुळे तिथे सिमेंट मारलेले. लोहचुंबक वर छातीच्या उंचीवर लावला, तिथे खुणा मिळाल्या, ओळंबा सोडून त्या खाली उतरवल्या. दाभणाने पाहिले तर एक लाकूड घट्ट आणि दुसऱ्यात दाभण बिस्किटात जावा तसा गेला. वाळवी. ते लाकूड सोडून दिले आणि त्याच्या पलीकडचे, एकोणीस इंचांवरचे घेतले. सुतारकाकांनी सव्वा इंच जाड सागाची फळी तीन-तीन स्क्रूंनी दोन्ही लाकडांवर बसवली आणि तिच्यावर दांडी. मी अठ्ठावन्न किलोची बाई, आधी मी लोंबकळून पाहिले, मग माझ्यापेक्षा जड असलेल्या एका ताईंनी पाहिले. त्यांचे नाव सांगत नाही. मग आजींना हात लावू दिला. आता आजी रात्री निजताना तांब्या उशाशी घेतात.

वाळवीचे निघाले म्हणून सांगते. दाभण असा सहज आत गेला तर ते गिलावा लावून झाकू नका. आपल्या मजल्यावरची काही लाकडे पडदीची असली तरी काही जाडजूड खांब वरच्या तुळईचा भार घेऊन उभे आहेत. छताकडे पाहिले की कुठे तुळई टेकली आहे ते कळते. त्या खांबाला दोन स्क्रू मारल्याने काही होत नाही, पण कपाट आत सरकावे म्हणून तो तासणे किंवा कापणे हे वरच्या बिऱ्हाडाच्या जिवाशी खेळणे आहे. तसा खांब पोखरलेला दिसला तर चाळ कमिटीला लेखी कळवावे. उपकर भरणाऱ्या आपल्यासारख्या जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे, अर्ज तिथे जातो. अर्ज लिहायला मंडळात दोघीजणी आहेत, संकोच करू नका.

विजेचेही तसेच. आपल्याकडे जुन्या तारा पट्टीतून भिंतीवरून जातात, त्या दिसतात. ज्यांनी नव्याने तारा आत घेतल्या आहेत त्यांनी बटणाच्या सरळ वर किंवा सरळ खाली काही टोचू नये. काहीही असो, मेन स्विच बंद करूनच दाभण हातात घ्यावा.

सगळ्याच चाळी आपल्यासारख्या नाहीत. सरकारने १९२० नंतरच्या वर्षांत वरळी, नायगाव वगैरे ठिकाणी ज्या बी.डी.डी. चाळी बांधल्या त्यांची बांधणीच सिमेंट-काँक्रीटची. ज्यांचे माहेर तिथले, त्यांनी माहेरी वडिलांना भिंतीत कुठेही खिळा ठोकताना पाहिलेले असते, म्हणजे हातोडीचा दांडा मोडेपर्यंत ठोकताना. त्यांना आपली पडदी नवलाची वाटते.

ज्या मैत्रिणी नव्या इमारतीत राहायला गेल्या आहेत आणि आज मुद्दाम आल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडे. तुमच्याकडे खोलीचे दोन भाग करायला जिप्समच्या पाट्यांची भिंत घालतात. ती पाटी साधारण अर्धा इंच जाड आणि चार फूट रुंद. आत लाकूड नसते, पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात, बहुधा दोन-दोन फुटांवर. लोहचुंबक त्या चटकन दाखवतो. पण पत्रा तो पत्राच, त्यावर फार भार घालू नये. भिंत घालायच्या आधीच कारागिराला सांगा की टीव्ही, डब्यांची फळी आणि म्हाताऱ्या माणसांची दांडी जिथे येणार तिथे आत प्लायवूड घालून घे. आणि पाट्या बंद होण्यापूर्वी मोजपट्टी लावून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. त्यात पाच मिनिटे जातात, आणि पुढे तुमच्या सुनेला भिंतीला कान लावत बसावे लागणार नाही.

मंडळाच्या कपाटात खालच्या कप्प्यात आता एक बिस्किटांचा डबा ठेवला आहे. त्यात कापडात गुंडाळलेला लोहचुंबक, एक दाभण, लहान हातोडी, मोजपट्टी आणि दोऱ्याला बांधलेले कुलूप आहे. कुलपाची किल्ली हरवलेली आहे, ती शोधू नये. डबा नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी आणि शनिवारच्या आत परत आणावा. पेन्सिल ज्यांची त्यांनी आणावी, डब्यातली तीनदा गेली.